चित्रातला पाठ : कोमेनियसचे पुस्तक आणि आपला वर्ग



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी १९७२ साली या शाळेच्या प्राथमिक विभागात रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हजेरीपट, खडूची पेटी आणि भिंतीवर टांगायचा मुळाक्षरांचा एक जुना तक्ता दिला. तक्ता देताना म्हणाल्या, ‘‘यातली अर्धी चित्रे मुलांनी कधी पाहिलेली नाहीत, एवढे लक्षात ठेवा.’’ त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. व्याख्यानासाठी विषय कळवावा असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा तो तक्ता डोळ्यांसमोर आला आणि विषय आपोआप ठरला. चित्रांच्या पुस्तकातून मुलांना शिकवावे ही कल्पना कोठून आली, तिचे काय झाले आणि आपण शिक्षकांनी तिचे काय केले, याविषयी मी बोलणार आहे. मी इतिहासाची पदवीधर नाही. सदतीस वर्षे पहिली-दुसरीला शिकविलेली एक शिक्षिका आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये ही विनंती.

आरंभ तक्त्यापासूनच करते. आपल्या अंकलिपीत ‘ऐ ऐरणीचा’ असतो, ‘औ औताचा’ असतो, ‘ठ ठशाचा’ असतो. ‘ण’ने सुरू होणारा शब्दच नाही, म्हणून बिचारा ‘बाणा’च्या शेपटाला लटकतो. ऐरण म्हणजे काय, असे एकदा मी दुसरीच्या वर्गाला विचारले. एकाने ‘‘टेबल’’ म्हटले, दुसरीने ‘‘टोपी’’. चित्र समोर होते आणि शब्दही समोर होता, पण दोहोंच्या मागे वस्तू नव्हती. आता सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील एका शिक्षकाला नेमकी हीच अडचण जाणवली होती आणि तिच्यातून जे पुस्तक निर्माण झाले, ते मुलांच्या चित्रमय पाठ्यपुस्तकांचे मूळपुस्तक मानले जाते.

त्या शिक्षकाचे नाव यान आमोस कोमेन्स्की. लॅटिन वळणाने जग त्यांना कोमेनियस म्हणून ओळखते. जन्म २८ मार्च १५९२, मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. तेथे हाच दिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. त्यांचे आयुष्य तीस वर्षांच्या धर्मयुद्धाने पार उधळून लावले. १६२० साली प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत त्यांच्या पक्षाचा पराभव झाला. १६२२ साली प्लेगने पत्नी आणि दोन मुले नेली. प्रॉटेस्टंट पंथाच्या धर्मोपदेशकांना देशात राहणे अशक्य झाल्यावर १६२८ साली ते पोलंडमधील लेश्नो या गावी गेले, आणि पुन्हा मायभूमीला परत येऊ शकले नाहीत. १६४८ साली युद्ध संपले खरे, पण तहाच्या कलमांत या निर्वासितांच्या परतीला जागा नव्हती.

परमुलखात राहून आपली भाषा सांभाळणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी कोणाला सांगण्याची गरज नाही. आपल्या पणजोबांपैकी कोणी सरकारच्या चाकरीत आले, कोणी पागेत, कोणी कारकुनीत. पोटापाण्यासाठी आलेली आपली माणसे आणि जीव वाचविण्यासाठी पळालेले कोमेनियस यांत अंतर फार मोठे आहे, हे मी जाणते. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चेक भाषेचा एक मोठा कोश ते तरुणपणापासून रचीत होते. चाळीसहून अधिक वर्षांचे ते काम होते. १६५६ साली युद्धाच्या धामधुमीत लेश्नो जळाले आणि त्या आगीत कोशाचे हस्तलिखित राख झाले. या हानीचे दुःख आपण मरेपर्यंत विसरणार नाही, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले. चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते या आगीनंतर दोन वर्षांनी, १६५८ साली.

पुस्तक लिहिले गेले होते त्याआधी, हंगेरीतील शारोशपताक येथे. १६५० ते १६५४ या काळात तेथील शाळेची घडी बसविण्यासाठी त्यांना बोलाविण्यात आले होते. पण चित्रांचे ठसे कोरणारे कुशल कारागीर तेथे मिळेनात, म्हणून हस्तलिखित जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवावे लागले. लॅटिन आणि जर्मन या दोन भाषांत ते तेथे छापले गेले. नाव ‘ऑर्बिस सेन्सुआलिउम पिक्टुस’, म्हणजे इंद्रियांना जाणवणारे जग, चित्रांत मांडलेले. धडे दीडशे. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर लाकडी ठशाचे एक चित्र आणि खाली दोन स्तंभांत दोन भाषांतील मजकूर. चित्रातील प्रत्येक वस्तूवर बारीक आकडा घातलेला असे आणि मजकुरात त्या वस्तूचे नाव आले की शेजारी तोच आकडा. मुलाने शब्द वाचावा, आकडा पाहावा, बोट चित्रावर न्यावे. आज पहिलीच्या पुस्तकात ‘चित्र पाहा व नाव सांगा’ असे आपण सहज छापतो. त्या काळी व्याकरणाची सूत्रे घोकत लॅटिन शिकणाऱ्या मुलांना हे केवढे नवल वाटले असेल, याची कल्पना करावी.

पुस्तकाचे पहिले चित्र शिक्षक आणि मुलगा यांचे आहे. दोघे मोकळ्या जागेत उभे आहेत, शिक्षक मुलाला शहाणे होण्यासाठी बोलावीत आहेत आणि मुलगा विचारतो आहे की शहाणे होणे म्हणजे काय. त्यानंतर मुळाक्षरे येतात, आणि येथे मला या माणसाचे खरे कौतुक वाटते. ‘अमुक अक्षर अमुक वस्तूचे’ अशी आपली पद्धत. कोमेनियसने अक्षराला आवाज जोडला. कावळा ओरडतो तो एक स्वर, कोकरू बेंबटते ते दुसरे अक्षर, लांडगा विव्हळतो ते तिसरे. ‘ओ’ या अक्षरासमोर गाडीवान आहे, बैलाघोड्यांना थांबविणारा. त्यामुळे ‘ऐरण’ पाहिलेली नसली तरी मुलाचे अडत नाही. कावळा सर्वांच्या घरावर बसतोच. ही युक्ती मी नोकरीच्या अखेरच्या वर्षांत वर्गात करून पाहिली. ‘ख’साठी आजोबांचा खोकला, ‘भ’साठी कुत्र्याचे भुंकणे. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, ती गोष्ट वेगळी.

पुढे जग क्रमाने उलगडते. आकाश, अग्नी, वारा, पाणी, वनस्पती, पशुपक्षी, मग माणूस, त्याचे शरीर, त्याचे धंदे. बेकरीवाला, न्हावी, छापखाना, पुस्तके बांधणारा, सगळे आपापल्या हत्यारांसह. लढाई आहे आणि शहराला पडलेला वेढाही आहे. ज्याचे आयुष्य युद्धाने विस्कटले त्या माणसाने मुलांपासून युद्ध लपविले नाही. गुन्हेगारांना होणाऱ्या शिक्षांचे एक चित्र आहे. ते पाहून आजचा पालक शाळेत धावत येईल. आत्म्याचेही चित्र आहे. न दिसणारी गोष्ट दाखवायची कशी? त्यांनी पडद्यासारख्या पृष्ठावर माणसाची नुसती ठिपक्यांची आकृती काढविली. त्या धड्यावर पुढे कित्येकांनी विनोद केले. मला मात्र मुलाला ‘हे तुला मोठेपणी कळेल’ असे सांगून वाटेला लावण्यापेक्षा ठिपके काढणारा शिक्षक अधिक आवडतो.

शाळेवरही एक धडा आहे. बाकावर मुले बसली आहेत, शिक्षक उंच आसनावर. काही मुले अभ्यास करतात, काही गप्पा मारतात आणि चाळे करतात, आणि या दुसऱ्या प्रकारच्या मुलांना पट्टी आणि छडी मिळते असे मजकूर निर्विकारपणे सांगतो. शाळा ही मुलांना छळण्याची जागा होऊ नये, असे ज्याने जन्मभर सांगितले, त्याच्याच पुस्तकात छडी आली, कारण त्या काळच्या शाळेत ती होती आणि पुस्तक जग जसे आहे तसे दाखवू पाहत होते.

या सगळ्याहून मोलाची आहे ती प्रस्तावना. कोमेनियस सांगतात की हे पुस्तक शाळेत घालण्यापूर्वीच घरी मुलांच्या हाती द्यावे, त्यांनी मन मानेल तशी चित्रे पाहावीत. हे काय, ते काय, असे त्यांना विचारावे. मुलांना चित्रे स्वतः काढू द्यावीत, रंगवू द्यावीत. जी वस्तू प्रत्यक्ष दाखविता येईल ती दाखवावी, आणि सहज न मिळणाऱ्या वस्तू मोठ्या शाळांनी संग्रही ठेवाव्यात. आणि मजकूर मुलांच्या मातृभाषेतही असावा. सतराव्या शतकातल्या या सूचना वाचल्यावर प्रशिक्षण वर्गांतून आम्हांला अगदी नव्या म्हणून सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींचे वय कळले.

पुस्तक झपाट्याने पसरले. चार्ल्स हूल या लंडनच्या शाळामास्तरांनी १६५९ साली त्याचे इंग्रजी केले. नंतर फ्रेंच, इटालियन, पोलिश, हंगेरियन आवृत्त्या निघाल्या. महाकवी गटे १७४९ साली जन्मला, म्हणजे पुस्तकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. आपल्या लहानपणी मुलांच्या हाती पडणारे असे पुस्तक कोमेनियसचेच काय ते होते, असे त्याने आत्मचरित्रात नोंदविले आहे. ज्या भाषेत कोमेनियसला आईने जोजविले, त्या भाषेत मात्र हे पुस्तक त्यांच्या डोळ्यांदेखत छापले गेले नाही. नोव्हेंबर १६७० मध्ये ते ॲमस्टरडॅम येथे वारले आणि नार्डेन या गावी त्यांना पुरण्यात आले. चेक मजकूर प्रथम छापला गेला तो १६८५ साली, आजच्या स्लोव्हाकियातील लेव्होचा येथे, आणि तोही एकट्याने नव्हे. लॅटिन, जर्मन, हंगेरियन आणि चेक अशा चार भाषा एकाच पुस्तकात शेजारी शेजारी होत्या. या चार स्तंभांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

येथवर मी कोमेनियसची बाजू मांडली. आता माझा एक आक्षेपही ऐकावा. या पुस्तकातील चित्र शब्दाचे चाकर आहे. मजकुरात जे आहे तेच चित्रात, चित्रात जे आहे तेच मजकुरात. आकड्यांनी ते असे खिळवून टाकले आहे की मुलाला स्वतःचे काही शोधायला फट राहत नाही. ती फट उघडायला दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. रँडॉल्फ कॅल्डेकॉट नावाचा एक इंग्रज बँकेतला कारकून. नोकरी सोडून चित्रे काढू लागला आणि १८७८ सालापासून दरवर्षी मुलांसाठी दोन दोन पातळ चित्रपुस्तके देऊ लागला. १८८६ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचे एक पुस्तक इंग्रजीतल्या एका अर्थहीन बडबडगीतावर आहे. त्याच्या शेवटी बशी आणि चमचा पळून जातात एवढेच शब्दांत येते. कॅल्डेकॉटने पान उलटल्यावर आणखी एक चित्र काढले : बशी फुटून पडली आहे आणि चमचाबाईंचे वडीलधारे, सुरी आणि काटा, तिला दंडाला धरून घरी नेत आहेत. याविषयी शब्दांत एक अक्षर नाही. ते फक्त चित्र सांगते, आणि पाहणाऱ्या मुलाला ते एकट्याला सापडते. अमेरिकेत १९३८ सालापासून उत्तम चित्रपुस्तकाला त्याच्या नावाचे पदक देतात.

आपल्याकडे चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत काही साहेबाने आणलेली नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी, ठाकर समाजातले कलावंत, रामायण-महाभारतातील कथाभाग चित्रांच्या सुट्या पानांची पोथी मांडून, एकेक पान दाखवीत, गात सांगत आले. पण ते चित्र रात्रीच्या देवळातले. शाळेच्या उंबरठ्याच्या आत ते आले नाही.

या शहरात मात्र ते आत येण्याची तयारी फार लवकर झाली होती, आणि हे आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. मुले शाळेत आली, पण वाचायला काय? १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळी खोली झाली, तीत पुस्तकांबरोबर खेळही होते. मॅजिक लँटर्नच्या काचा आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहायची जोडचित्रे खेड्यांत दाखविणारी एक शाखाही या खात्यात होती. श्रीसयाजीबालज्ञानमालेतून मराठीत आणि गुजरातीत मुलांसाठी पुस्तके निघाली. शाळांनी वस्तूंचा संग्रह ठेवावा ही कोमेनियसची सूचना महाराजांनी वाचली होती की नाही, कोण जाणे. कमाठी बागेतील म्यूझियम १८९४ साली उभे राहिले आणि आजही सहलीला आलेली मुले देवमाशाच्या सांगाड्यासमोर तोंडाचा आ करून उभी राहतात.

याच मुलखात, भावनगरला, १९२० साली गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढले आणि काही वर्षांनी मूळच्या मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. गुजराती वातावरणात राहून काम शिकलेल्या या मराठी बाईंनी पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत आणली, आणि बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी दगडगोट्यांतून, पानाफुलांतून शिक्षण उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. त्यांच्याविषयी स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे, आज एवढेच.

चांगली चित्रपुस्तके स्वस्तात मिळू लागली ती स्वातंत्र्यानंतर. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला, नॅशनल बुक ट्रस्टने १९६९ सालापासून नेहरू बाल पुस्तकालयाची माला सुरू केली. आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतले के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार मुलांसाठी खेळणी आणि चित्रपुस्तके करीत. मराठीत पुढे माधुरी पुरंदऱ्यांनी ‘राधाचं घर’सारखी पुस्तके दिली, मी ती निवृत्त झाल्यावर नातवंडांबरोबर वाचली आणि वर्गात असताना मिळाली असती तर, असे पुष्कळदा मनात आले.

आता एक कबुली द्यायची आहे. १९७९ सालची गोष्ट. त्या वर्षी मी काही महिने बदलीवर दुसऱ्या एका शाळेत होते. चिल्ड्रन्स बुक ट्रस्टच्या ‘महागिरी’ या पुस्तकाची हिंदी प्रत मला मिळाली होती. हेमलता यांची गोष्ट आणि पुलक बिश्वास यांची चित्रे. देवळाच्या उत्सवासाठी खांब रोवायला हत्ती आणलेला असतो. तो खांब उचलतो, पण खड्ड्यात सोडीत नाही. माहूत त्याला टोचतो, मारतो, तरी नाही. शेवटी कळते की खड्ड्यात मांजरीचे पिलू पडले आहे. मी गोष्ट मराठीत सांगितली, चित्रे फिरवून दाखविली, आणि पुस्तक मिटून फळ्याकडे वळले. फळ्यावर लिहिले, ‘तात्पर्य : मुक्या प्राण्यांवर दया करावी.’ मुलांनी पाटीवर उतरून घेतले. चित्रांचे पुस्तक वर्गात आणले याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला असेल.

वर्गात एक मुलगा होता. आईबाप कामासाठी दुसऱ्या प्रांतातून आलेले, घरची बोली निराळी, शाळेतले मराठी त्याला नीट कळत नसे. विचारले तर तो बोलत नसे. उर्मटपणा समजून मी त्याला त्या आठवड्यात दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. तात्पर्य उतरून झाल्यावर तो उठला, टेबलापाशी आला, मार खाणाऱ्या हत्तीचे पान त्याने काढले आणि त्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘बाई, उसको बोलना नहीं आता था.’’ एवढेच म्हणून जागेवर जाऊन बसला.

मी फळा पुसला नाही. तितके धैर्य त्या वयात माझ्यात नव्हते. घंटा झाली, मुले गेली. पण त्यानंतर चित्रांच्या पुस्तकाखाली मी कधी तात्पर्य लिहिले नाही, आणि गप्प बसणाऱ्या मुलाला बाहेर उभे केले नाही. या मुलाने आठवड्याभराने मला विचारून ते पुस्तक घरी नेले. परत आणले तेव्हा त्याच्या पानांवर तेलाच्या बोटांचे डाग होते. त्याबद्दल तेथील मुख्याध्यापकांनी माझ्याकडून खुलासा मागितला, तो मी दिला.

इतिहासाकडे पाहताना मला वाटते ते असे. कोमेनियसने चित्र वर्गात आणले ते शब्द कळावा म्हणून. आम्ही पुढच्या काळात चित्र आणले ते उपदेश गोड लागावा म्हणून. पहिले काम प्रामाणिक होते. दुसऱ्यात थोडी फसवणूक आहे, आणि मुलांना ती फार लवकर कळते. गोष्ट संपली की बाई काहीतरी विचारणार, हे ओळखून मुले चित्र पाहायचे सोडून उत्तर शोधू लागतात. याचा अर्थ चित्रपुस्तकातून काही शिकविता येत नाही, असा मी करीत नाही. शिकविता येते, पण पान उघडे ठेवून, मुलाचे बोट कोठे जाते ते पाहत, आणि आपली वाक्ये आवरून. घाईच्या वेळापत्रकात हे जमत नाही, हेही मला ठाऊक आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस बोटे पाहायची कशी, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी सदतीस वर्षांनंतरही नाही.

आता ते चार स्तंभ. लेव्होचाच्या १६८५ सालच्या आवृत्तीविषयी मी निवृत्तीपूर्वी काही वर्षे एका ग्रंथात वाचले. वाचताना आपला वर्ग डोळ्यांसमोर आला. शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि आईबापांच्या मनात इंग्रजी. पटावरची संख्या तेव्हाच उतरणीला लागली होती आणि मुलांना मराठी शाळेत का घालायचे, असे पालक विचारू लागले होते. मी वाद घातला नाही. दुसरीच्या मुलांना घेऊन वाडीतल्या एका लोहाराकडे गेले. त्याने भाता चालविला, तापलेली पट्टी ऐरणीवर ठेवून दोन घाव घातले आणि प्रत्येक मुलाला हातोडा उचलून पाहू दिला. एकीला तो उचलेना, म्हणून ती रडली. वर्गात परत आल्यावर मुलांनी चित्र काढले, प्रत्येक वस्तूवर आकडा घातला आणि खाली चार रकाने आखले. ‘ऐरण’ला गुजरातीत ‘एरण’ म्हणतात आणि हिंदीत ‘निहाई’, हे मला स्वतःला त्या दिवशी कळले. इंग्रजी ‘ॲन्व्हिल’ कोणालाच येईना. ते कोशात पाहिले. वर्षभर आम्ही अशी पाने केली : कुंभार, न्हावी, पतंगाला मांजा लावणारे, रावपुऱ्यातला छापखाना. एका मुलाने चारही रकाने रिकामे ठेवून नुसता ‘ठण्’ लिहिला. तो मी खोडला नाही.

शिलाई केलेली ती वही पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयात, खिडकीशेजारच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. कागद पिवळा पडला असून मागची चार पाने सुटली आहेत. त्या वर्गातली काही मुले आज समोर बसलेली दिसतात. चहापान झाल्यावर कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे मागावी, आणि पाने जपून उलटावीत.